एकाहत्तर

नऱ्ह्याच्या वर्कशॉपात अफजल बागवाननं केबल जोडली,
मोबाईलवर बोट सरकवलं आणि म्हणाला,
"हेल्थ एकाहत्तर, मॅडम.
सत्तरच्या खाली असती
तर कंपनीनं गपगुमान नवी दिली असती."
वॉरंटीचे उरलेत एकोणीस दिवस.

एका मार्कानं नापास झालेली माणसं ओळखते मी.
एका मार्कानं पास होऊन
असं तोंड पडलेलं माझंच पहिलं.

मी घरोघर जाऊन रक्त घेते.
साडेपाचला धायरीतून निघते,
डिकीत बर्फाचा डबा, जांभळ्या झाकणाच्या, पिवळ्या झाकणाच्या नळ्या.
रिपोर्ट हातात आला की लोक आधी आकडा बघत नाहीत,
शेजारची रेंज बघतात.
मीही तेच केलं.

नवी होती तेव्हा रेंज ब्याण्णव किलोमीटर.
वाघोली करून मगरपट्टा, तिथून उंड्री,
घरी येऊन दोन काड्या शिल्लक.
दुसऱ्या उन्हाळ्यात वाघोली सुटली.
मग उंड्री.
मग कात्रजच्या चढावरचे लोणकर सर,
ज्यांची शीर फक्त मलाच सापडायची,
डाव्या मनगटाच्या वर, तिरकी, लाजरी.
"पुढच्या वेळी दुसरी मुलगी येईल," एवढंच म्हटलं.
सर म्हणाले, "का गं, लग्न ठरलं का?"

पुणे म्हणे चहूकडून वाढतंय.

"आत एक थर बसतो," अफजल सांगत होता,
"बारीक. चहाच्या पातेल्याला बसतो तसा.
दर चार्जिंगला थोडं लिथियम त्यात अडकतं
आणि परत फिरत नाही."
आणि नुसती उभी ठेवली तर?
"तरी बसतो. उन्हात जास्त.
शिवाय सेल शंभरावर असले तरी
सगळ्यात दमलेला जिथं म्हणेल, तिथं गाडी थांबणार."
मला आमचं घर आठवलं. मी बोलले नाही.

मग इकडंतिकडं बघून, आवाज उतरवून,
"एक करा. रोज फुल्ल भरा, भर दुपारी उन्हात ठेवा,
पार शून्यावर न्या.
एक टक्का काय, दोन जातील."

चार वर्षं मी नेमकं उलटं केलं होतं.
विसाच्या खाली नाही, ऐंशीच्या वर नाही.
रात्री अडीचचा गजर लावून प्लग काढलाय;
नणंद म्हणायची, तान्हं मूल आहे का ते.

रविवारी गच्चीवर नेली.
एप्रिल. फरशीवर पाय ठरत नव्हता.
मालूताईंच्या कुरडयांशेजारी ठेवली तिला.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं,
"ही पण वाळवायची?"

वीस मिनिटांनी हात लावून बघितला.
तापाच्या पेशंटच्या कपाळाला लावतो तसा,
उलट्या बाजूनं. सवयच ती.
आणि मग, काय करतेय मी, असं म्हणत
उचलून खाली आणली.
तीन मजले, चौदा किलो.
नवी होती तेव्हाही चौदाच.
अफजल म्हणालाच होता की गेलेलं काही नाही,
सगळं आतच आहे,
फक्त हाक मारली तर येत नाही.

काल रात्री नवाला फोन.
लोणकर सर. आवाज बारीक.
त्या मुलीनं तीनदा टोचलं म्हणे, दोन्ही हातांना.
"तू नाहीच का येणार आता?"

उद्याची नऊ घरं. वर कात्रज. वर तो चढ.
कागदावर बेरीज केली, खोडली, पुन्हा केली.
अडीचला गजर वाजला.
ऐंशी झाले होते.
गजर बंद केला
आणि प्लग तसाच राहू दिला.